सासव

मे महिन्यातल्या दुपारी पिकल्या आंब्यांचा घमघमाट घरभर कोंडलेला असतो, आणि त्या गोड वासात बसून मी पाट्यावर मोहरी फेसते. कोरडी मोहरी नाकाशी धरली तर कसलाच वास नाही. गार पाण्याचा हबका मारून वरवंटा फिरवला, की आधी नुसती फुटते, मग पिवळसर फेस धरते, आणि मग एकदम नाकात झिणझिण्या येऊन डोळे भरतात. फोंड्याची माझी मावशी पाट्याशी वाकून विचारायची, "चढली गो नाकात?" मी डोळे पुसत मान हलवली, की तिचं समाधान व्हायचं.

सासव हे गोव्याकडचं उन्हाळ्यातलं फळांचं कालवण. कोंकणीत मोहरीला सासवां म्हणतात, तिच्यावरूनच हे नाव. फळांची एवढी रेलचेल, पण नाव मिळालं ते चमचाभर मोहरीचं, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. आपल्या रायत्यातही राई आहेच. आता रायतं म्हटलं की आधी दही आठवतं, एवढंच. लग्नाकार्यात आंबा, अननस, द्राक्षं एकत्र करून सासव करतात, तेही सुरेख लागतं. अननस आणि मिरची, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आलेली. पण ओल्या खोबऱ्याच्या वाटणात ती अशी मिसळून गेली आहेत, की पाहुणी वाटतच नाहीत.

माझा जीव मात्र घोटांच्या सासवात. घोटां म्हणजे मुठीत मावणारे रायवळ आंबे. देठ काढून चीक पिळून टाकायचा, साल हातानेच सोलायची. सालीला चिकटलेला गर चार चमचे पाण्यात चोळून घ्यायचा, तो टाकायचा नाही. आंबा कोयीसकट पातेल्यात. वर गूळ, मीठ, खोबरं आणि सुक्या मिरचीचं वाटण, आणि सगळ्यात शेवटी फेसलेली मोहरी. चुलीशी गाठ नाही. हापूस यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. कलमाच्या प्रत्येक झाडाला तीच चव. रायवळ कोयीतून उगवतो, म्हणून दर झाडाची तऱ्हा निराळी. एकाच पातेल्यात एक घोट मधासारखं, दुसरं दात आंबवणारं, तिसऱ्याला राळेचा वास. त्या सगळ्यांना एका चवीत बांधते ती मोहरी.

लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा सासव केलं तेव्हा घाईत मोहरी गरम पाण्यातून काढून वाटली. नुसता गोड रस्सा झाला. तिखटपणा दाण्यात तयार नसतोच, हे मला पुढे कळलं. दोन द्रव्यं दाण्यात वेगवेगळी असतात. दाणा चिरडून पाणी लागलं की ती भेटतात आणि तो झणका जन्मतो. कढत पाण्याने त्यातलं एक मरतं. फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही, त्याचं कारण हेच. पुढच्या वेळी मिक्सरमध्ये फार वेळ फिरवली, तर कडू झाली. तेव्हा माळ्यावरचा पाटा खाली काढला, तो आजतागायत खालीच आहे.

सासव त्याच दिवशी संपवावं. रात्र उलटली की मोहरीचा जोर ओसरतो. घरात कुणी चमच्याने खात नाही. कोय हातात घ्यायची, चोखायची, मध्येच मोहरी चढली की डोळे मिटून थांबायचं आणि पुन्हा चोखायची. मनगटापर्यंत ओघळ येतात. ताटात शेवटी धाग्याधाग्यांच्या पांढुरक्या कोयी उरतात. मावशीच्या दारचं झाड आता नाही. यंदा पिशवीभर घोटां आली ती कुठकुठल्या झाडांची, कोण जाणे. त्यातली सगळ्यात गोड लागलेली कोय मी गच्चीतल्या कुंडीत खोचली आहे आणि रोज सकाळी जाऊन बघते.