संशयाची चाकरी

हेर हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक उभे राहतात. वेषांतर करून शत्रूच्या मुलखात वावरणारा आणि खडान्‌खडा माहिती घेऊन परतणारा साहसी पुरुष, असे ते चित्र असते. मात्र शत्रूचाही कोणी बहिर्जी आपल्या गावात येऊन राहिला असेल, तर त्याला ओळखायचे कोणी? त्या कामाला प्रतिहेरगिरी म्हणतात. केंद्र सरकारच्या एका कचेरीत बसून मी एकतीस वर्षे ते काम केले. त्यात वेषांतर नव्हते, पिस्तूल नव्हते. टेबल होते, फायली होत्या, तारखांची टिपणे होती आणि तीच ती नावे पुन्हा पुन्हा वाचून शिणलेले डोळे होते.

या चाकरीविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहेच; शिवाय २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, गुप्तवार्ता संघटनांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या खात्याच्या कामाविषयी परवानगीवाचून काही प्रसिद्ध करता येत नाही. तेव्हा इथे कोणतीही फाईल उघडणार नाही. जे सर्वांपुढे छापून आलेले आहे आणि जे माझ्या मनापुरते आहे, तेवढेच मांडतो.

माझा जन्म भुसावळचा, रेल्वेच्या वसाहतीतला. भुसावळला १९४९ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली आणि जवळच वरणगावला १९६४ मध्ये दुसरी, बंदुकीच्या गोळ्या तयार करणारी. २०२१ च्या ऑक्टोबरात त्या नव्या सरकारी कंपन्यांकडे सोपवल्या गेल्या. रविवारच्या मिस्सेला आमच्या पुढच्या बाकावर निर्माणीतले कामगार असत आणि मागच्या बाकावर इंजिनचालक. कारखान्यात आज काय झाले, असे निर्माणीतल्या माणसाला कोणी विचारीत नसे आणि तोही सांगत नसे. त्या अबोल्याचा अर्थ मला मोठेपणी कळला. गुपित म्हणजे यंत्राचा आराखडाच असतो असे नाही. किती वाघिणी भरल्या, कोणत्या दिशेला निघाल्या, रात्रपाळी कधीपासून सुरू झाली, या चहाच्या टपरीवरच्या गोष्टी. एकेकट्या त्या निरुपद्रवी असतात; कोणी धीराने एकत्र जुळवल्या की त्यांतून सैन्याची तयारी वाचता येते.

जुळवणीची ही विद्या मला धुळ्याने शिकवली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले आणि लगोलग त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळणाऱ्या या माणसाने मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत प्रसिद्ध केली. विद्यार्थिदशेत मी त्या मंडळाच्या वास्तूत जात असे. कागद अस्सल की नक्कल? लिहिणारा घटनास्थळी होता की ऐकीव सांगतो आहे? त्याने कोणासाठी लिहिले आणि त्यात त्याचा लाभ काय? जुन्या कागदाला विचारायचे हे प्रश्न पुढे मी नोकरीत रोज विचारीत होतो. फरक इतकाच की, राजवाड्यांच्या कागदांतली माणसे केव्हाच मातीआड झालेली होती. माझ्या कागदांतली माणसे जिवंत होती, संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेत होती.

पवित्र शास्त्रातही ही विद्या आहे. मोशेने कनान देशात बारा जण पाठवले. चाळीस दिवस सर्वांनी एकच देश पाहिला, तीच तटबंदी, तेच द्राक्षांचे घोस. परत आल्यावर दहा जणांनी भीती सांगितली. कालेब आणि यहोशवा या दोघांनी निराळा अर्थ सांगितला. माहिती एकच, निष्कर्ष दोन. आमच्या कामातले सारे दुखणे इथेच आहे. दुसरी कथा आपल्या कॅथलिक बायबलातील दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातली, सुसान्नेची. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांची साक्ष जुळली आणि लोकांनी तिला दोषी ठरवले. तरुण दानिएलने त्या दोघांना वेगवेगळे उभे केले आणि एकच प्रश्न विचारला, हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि एक निरपराध स्त्री वाचली. साक्षी दोन आहेत एवढ्याने भागत नाही. त्या स्वतंत्र आहेत की आधी संगनमत करून जुळवलेल्या, हे तपासावे लागते.

या कामात दोन्ही बाजूंना दरी आहे. १९८५ च्या जानेवारीत दिल्लीत उघडकीस आले की, खुद्द पंतप्रधानांच्या कार्यालयातील काही कर्मचारी गोपनीय कागदांच्या छायाप्रती कुमार नारायण नावाच्या व्यापारी प्रतिनिधीला पुरवीत होते. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी आपल्या कार्यालयाची जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तेच पुढे १९९३ ते २००२ या काळात आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. डोळे मिटले की काय घडते, ते या प्रकरणाने दाखवले.

नको तिथे डोळे वटारले की काय घडते, ते १९९४ ने दाखवले. अवकाश संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोप निराधार असल्याचा अहवाल दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अटक आणि न्याय यांत चोवीस वर्षे गेली. ती वर्षे कोणत्या खजिन्यातून परत करणार?

म्हणूनच मला पेनची भीती वाटत असे. आमच्या धर्मात पापनिवेदनाची सोय आहे. धर्मगुरू ऐकतात, क्षमेचे शब्द उच्चारतात आणि ऐकलेले मरेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. सरकारी फाईलही गुपित राखते. पण ती क्षमा करीत नाही आणि विसरतही नाही. एखाद्याच्या नावापुढे लिहिलेले ‘संशयास्पद’ हे एक विशेषण त्याच्या बढतीआड येते आणि त्याच्या मुलाच्या पडताळणीतही डोके वर काढते. त्याला ते दिसत नाही, म्हणून खोडताही येत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयी लिहिताना खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा अधिक कडक होते, असे मी मानले. ‘संशयाला आधार आढळला नाही’ हे वाक्य लिहिल्याबद्दल मला कधी शाबासकी मिळाली नाही. एकदा तर एका वरिष्ठाने ते वाक्य ‘जरा जोरदार’ करण्यास सुचवले. मी ते तसेच ठेवले. त्या वर्षी बढतीच्या यादीत माझे नाव नव्हते. दोन गोष्टींचा संबंध जोडायला पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून संबंध न जोडणे हाच तर माझा धंदा होता.

आणखी एक सांगायला हवे. ‘तुमचे पोप परदेशात, मग तुमची निष्ठा कुठे?’ असा प्रश्न एका सहकाऱ्याने मला हसत हसत विचारला होता. नाण्यावरच्या मुद्रेविषयी प्रभूने दिलेले उत्तर माझ्या ओठांवर आले होते. मी एवढेच म्हणालो, ‘साहेब, निष्ठा कामात दिसते, तुम्ही माझे टिपण वाचा.’ संशयाचा काटा आपल्या पायात रुतला की दुसऱ्याच्या पायाविषयी कळवळा येतो. त्या प्रश्नाने मला अधिक चांगला विश्लेषक केले.

घरात मात्र मौनाची किंमत इतरांनी मोजली. ‘पप्पा कचेरीत नक्की काय करतात?’ या प्रश्नाला माझ्या मुलांनी शाळेत ‘कागद वाचतात’ असे उत्तर दिले. पत्नीने कधीच विचारले नाही. तिचे वडील निर्माणीत होते. न विचारणे हीही माया असते, हे ती माहेराहून शिकून आली होती.

आज टपरीची जागा मोबाईलने घेतली आहे. २०२३ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन क्षेत्रातल्या एका संचालकाला, समाजमाध्यमांवरील ओळखीतून पाकिस्तानी हेरांना माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. निर्माणीत, रेल्वेत वा सैन्यात मुले असलेल्या आपल्या कुटुंबांनी त्यांना इतके जरूर सांगावे, की अनोळखी गोडवा कामाची चौकशी करू लागला की तिथेच थांबावे.

गव्हात निदण उगवल्याचा दाखला आपण मिस्सेत ऐकतो. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. राज्याला तितके थांबता येत नाही. पण खानदेशात कपाशीची निंदणी करणाऱ्या बायाही थांबत नाहीत. त्या वाकून एकेक रोप निरखतात, आणि ओळख पटल्याशिवाय त्यांचे विळे चालत नाहीत.