बांध आणि फेरफार

वाटणीची गोष्ट निघाली, की आमच्या चकलांब्यात माणसांचा आवाज एकतर चढतो, नाहीतर अगदीच खाली येतो. हातभर बांधापायी सख्ख्या भावांनी बोलणे टाकल्याची उदाहरणे कोणत्या गावी नाहीत? अशा झगड्यांकडे पाहून आम्ही आजवर सुशिक्षिताच्या अहंकाराने हसत आलो. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्याच संगणकातील वाटणी आम्ही स्वहस्ते बिघडविली, आणि ते हसू आमच्यावरच उलटले.

संगणक जुना, त्यावर लिनक्स. या प्रणालीत डिस्कची वाटणी दोन रीतींनी होते. पहिलीत हिश्शांच्या हद्दी जागच्या जागी आखलेल्या असतात. एका हिश्शात कितीही जागा पडीक असली, तरी ती दुसऱ्यास सहजासहजी देता येत नाही. दुसरी रीत एलव्हीएमची. लिनक्ससाठी ती १९९८ साली लिहिली गेली. तीत डिस्कवरील जागा एकत्र कुटुंबाच्या जमिनीसारखी समाईक करतात, आणि बहुधा चार-चार मेगाबाइटांचे वाफे मोजून ज्याला त्याला हिस्सा देतात. हिस्सा वाढविणे वा घटविणे केवळ कागदोपत्री होते. हीच तिची सोय, आणि हाच तिचा धोका.

प्रणालीचा मूळ हिस्सा भरत आला, म्हणून घरच्या दप्तराचा हिस्सा घटवून ती जागा तिकडे द्यावी, असे आम्ही योजिले. नियम असा, की आधी हिश्शातील फाइलव्यवस्था आकसून घ्यावी व मग हिस्सा घटवावा. म्हणजे आधी पीक काढावे, मग बांध सरकवावा. आम्ही बांध आधी सरकविला. माहिती नष्ट होईल, असा इशारा पडद्यावर मोठ्या अक्षरांत आला; तो न वाचताच आम्ही होकार दिला. तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर यंत्र उठेना. फाइलव्यवस्था म्हणे आपण मोठी, आणि हिस्सा म्हणे आपण लहान. त्या हिश्शात आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. त्याची दुसरी प्रत नव्हती, आणि मातोश्री आता नाहीत.

दुरुस्तीची आज्ञा हाताशी होती. प्रत्येक प्रश्नास आपोआप 'होय' म्हणण्याची सोयही तीत होती. परंतु एका 'होय'नेच हा प्रसंग ओढवला होता. म्हणून आम्ही हात आवरला. हद्दीचा वाद निघाला, की गावात जुने फेरफार काढून पाहतात. एलव्हीएमचीही अशी फेरफारवही असते: प्रत्येक बदलापूर्वीची मांडणी ते 'आर्काइव्ह' नावाच्या कप्प्यात लिहून ठेवते. तीतील घटविण्यापूर्वीची नोंद शोधून 'व्हीजीसीएफजीरिस्टोर' या आज्ञेने आम्ही ती पुन्हा लागू केली. सोडलेले वाफे अजून कोणास दिलेले नव्हते. त्यांवर एक अक्षरही नवे उमटले नव्हते. वीज गेली नसती, तर पुढच्याच क्षणी आम्ही ते मूळ हिश्शास जोडले असते! मग काहीही न बदलता नुसती तपासणी केली. ती निर्दोष निघाली. लागलीच दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली.

रात्री ती प्रत लावली. आधी जात्याची घरघर, मग मातोश्रींचा आवाज. ओवीत भावाचे कौतुक होते. याच भावासाठी त्यांनी माहेरच्या शेतावरचा हक्क सोडला होता. त्या कागदावर अंगठा देताना त्यांनीही तो वाचला नव्हता. कारण त्यांस वाचता येत नव्हते. आम्हांस येत होते.