माल हाताशी यावा

आमच्या मिरजगावातून, शेजारच्या जामखेड-करमाळ्याकडून निघालेली पोरं चाकण, रांजणगाव, सुपे इथल्या गोदामांत जागोजागी भेटतात. कर्जत तालुक्यातला पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर, उडीद यांवर घराचं भागत नाही. मग नगर-सोलापूर रस्त्यावर एसटीची वाट बघत उभं राहायचं आणि काम मिळेल तिकडं जायचं. मीही तसाच गेलो. चाकणजवळच्या एका मोठ्या गोदामात मी गाड्यांच्या सुट्या भागांची पिकिंग करतो, ऑर्डर पिकरवर.

गावाकडं गेलो की लोक विचारतात, म्हणजे फोर्कलिफ्टच ना? थोडं वेगळं आहे. फोर्कलिफ्टवर ड्रायव्हर खालीच बसतो आणि माल वर जातो. पिकरवर माणूसच मालाबरोबर वर जातो. मास्टच्या, म्हणजे गाडीच्या उभ्या खांबाच्या, पुढं कठडा असलेला छोटा प्लॅटफॉर्म, त्यावर आम्ही उभे, आमच्या समोर काट्यांवर एक रिकामं पॅलेट. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक. स्कॅनरवर लोकेशन येतं, तिथं गाडी न्यायची, वर चढायचं, रॅकमधल्या पॅलेटवरून हवी तेवढी खोकी उचलून आपल्या पॅलेटवर रचायची आणि पुढच्या लोकेशनला निघायचं.

ही गाडी अरुंद गल्लीसाठीच बनवलेली असते. साध्या फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन-चार मीटर जागा लागते. पिकर वळतच नाही, सरळ आत जातो आणि सरळ बाहेर येतो, म्हणून त्याला दीड-पावणेदोन मीटरची गल्ली पुरते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, तेव्हा कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवायची गरज उरली नाही. मग भिवंडी, चाकण, तळेगाव या भागांत अवाढव्य गोदामं उभी राहिली. जागा महाग, म्हणून रॅक उंच झाले आणि गल्ल्या अरुंद झाल्या. या सगळ्या हिशेबात चौरस फूट मोजले गेले, पॅलेट मोजले गेले. त्या पॅलेटवरच्या शेवटच्या खोक्यापर्यंत माणसाचा हात पोहोचतो का, हे मात्र आमच्याकडं कुणी मोजलं नव्हतं.

आमचं पॅलेट 1200 बाय 1000 मिलिमीटरचं. रॅकमध्ये ते लांबीनं आत जातं, म्हणजे खोली 1.2 मीटर. गाडी आणि रॅक यांच्यामध्ये वीतभर फट. त्याशिवाय मधे कमरेएवढा कठडा. मध्यम उंचीच्या माणसाचा हात खांद्यापासून मुठीपर्यंत सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पॅलेट भरलेलं असतं तेव्हा पुढची रांग सहज हाताला लागते. ती संपली की दुसरी रांग येते, आणि तिथून त्रास सुरू होतो. मागच्या रांगेसाठी पोट कठड्यावर दाबून, एक पाय उचलून, अर्धं अंग रॅकच्या आत घालावं लागतं. वर दुसऱ्या बीमची अडचण असते, त्यामुळं खोकं सरळ उचलता येत नाही. ते बोटांच्या टोकांनी ओढत आणायचं, कठड्यावरून उचलायचं, मग कमरेतून वळून समोरच्या पॅलेटवर ठेवायचं. समोरच्या पॅलेटचं लांबचं टोकही पुन्हा सव्वा मीटरवर! म्हणजे घेतानाही वाकायचं आणि ठेवतानाही वाकायचं.

ब्रेक डिस्कचं खोकं बारा किलोच्या आसपास असतं. बारा किलो म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. माझ्या वडिलांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी मिरजगावच्या बाजारात भुसार मालाची हमाली केली. त्यांच्या तरुणपणी पोतं शंभर किलोचं असायचं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीनं ओझ्याचा आणि हमालाच्या हक्काचा प्रश्न लावून धरला. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली प्रौढ पुरुषानं एका वेळी 55 किलोपेक्षा जास्त वाहू नये अशी शिफारस केली होती. आपल्याकडं पोतं पन्नासावर यायला पुढं फार वर्षं गेली. त्या पिढीनं पाठीनं सोसून मिळवलेली ही गोष्ट आहे.

एकदा सुट्टीवर आलो असताना कंबर धरून ओट्यावर बसलो होतो. वडील म्हणाले, "अरे, बारा किलोनं कंबर जाती व्हय? आम्ही क्विंटल वाहिला."

मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही पोतं पाठीवर घ्यायचा. मी खोकं हात लांब करून घेतो."

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हां, मग जड जाईल."

त्यांना लगेच पटलं, कारण हमालाला हे शरीरानं कळलेलं असतं. भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई अर्धा कोस चालते, तीच घागर हात लांब करून धरायला सांगितली तर चार पावलंही जाणार नाही. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कण्यावरचा ताण जास्त. बारा किलोचं खोकं अंगापासून 25 सेंटिमीटरवर धरलं तर त्याचा जो जोर कमरेवर येतो, तो 60 सेंटिमीटरवर धरल्यावर जवळजवळ अडीच पट होतो. जवळ धरलेल्या 29 किलोएवढा. शिवाय वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन आहेच, तेही कमरेलाच तोलावं लागतं.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं 1991 साली उचलण्याचं एक सूत्र मांडलं. सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, कमरेच्या जरा खालच्या उंचीवर, अंग न वळवता, तर त्यांनी वजनाची मर्यादा 23 किलो धरली. ओझं 63 सेंटिमीटरवर गेलं की ती मर्यादा उतरून 9 किलोवर येते. त्यात कमरेतून काटकोनात वळावं लागलं तर साडेसहा किलोच्या आसपास. 63 सेंटिमीटरच्या पलीकडं त्या सूत्रात उत्तर शून्य येतं, म्हणजे तिथून उचलूच नये. आमची मागची रांग त्याच्याही पलीकडं होती. हा हिशेब आमच्या सेफ्टी ऑफिसरनं मला कागदावर करून दाखवला, तेव्हा माझ्या कंबरदुखीला पहिल्यांदा कारण मिळालं. तोवर सगळे म्हणायचे, व्यायाम कर, बसून उचल. कठड्यावरून झुकलेल्या माणसानं बसून कसं उचलायचं?

हा हिशेब होण्याआधी एक प्रसंग घडला होता. परभणीकडचा एक जोडीदार तिसऱ्या लेव्हलवर होता. मागचं खोकं हाताला येईना, म्हणून तो कठडा ओलांडून रॅकमधल्या पॅलेटवर उतरला. असं बरेच जण करायचे. टार्गेट डोक्यावर असतं आणि खोकं डोळ्यांसमोर दिसत असतं. पॅलेटची एक फळी कुजकी निघाली. पाय आत गेला, तोल गेला आणि तो फटीत लटकला. अंगाला बांधलेल्या पट्ट्यांचा हार्नेस होता आणि त्याची दोरी गाडीच्या डोक्यावरच्या गार्डला अडकवलेली होती, म्हणून तो वाचला. खाली असलेल्या पोरानं गाडीचा आपत्कालीन व्हॉल्व्ह उघडून प्लॅटफॉर्म हळूहळू उतरवला. हा व्हॉल्व्ह कुठं असतो आणि कसा उघडायचा, हे खाली काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे आवळतात, पायांतलं रक्त वर यायला अडतं. त्याला फार वेळ तसं ठेवणं जिवावर बेततं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली आणि नवा नियम आला: रॅकमध्ये पाय ठेवायचा नाही. नियम बरोबरच होता. पण मागची रांग जिथं होती तिथंच राहिली. मी उठून विचारलं, "सर, पाय ठेवायचा नाही, कबूल. मग मागचं खोकं काढायचं कसं?" सगळे गप्प. हार्नेस पडणाऱ्याला धरतो, हात लांब करत नाही. उलट, दोरी आहे म्हणून माणूस आणखी थोडा झुकतो, हे आम्ही रोज बघत होतो.

त्या प्रश्नानंतर जे झालं, ते मला मनापासून आवडलं. सेफ्टी ऑफिसर हार्नेस बांधून पूर्ण शिफ्ट आमच्याबरोबर गाडीवर आले. हातात टेप. कुठल्या लोकेशनला किती वाकावं लागतं, खोकं किती किलोचं, दिवसात किती वेळा तिथं जावं लागतं, सगळं लिहून घेतलं. शिरूरकडची एक ताई आमच्यात नवीन आली होती. तिची उंची कमी, हात आखूड. साहेबांनी मोजमापाला तिचाच हात धरला. म्हणाले, हिचा हात पोहोचला तर सगळ्यांचा पोहोचेल.

मग एकेक बदल होत गेले. पहिला बदल बिनखर्चाचा. जड आणि रोज लागणारा माल वरून काढून खालच्या लेव्हलला आणला. तिथं जमिनीवर उभं राहून, पाय रोवून उचलता येतं. वरती हलका आणि क्वचित लागणारा माल गेला. दुसरा बदल पॅलेट फिरवण्याचा. पुढचा अर्धा भाग रिकामा झाला की रात्रपाळीत ते पॅलेट खाली घेतात, उलटं फिरवून परत ठेवतात. मागची रांग पुढं येते. त्यासाठी पिकरनं स्कॅनरवर एक बटण दाबायचं, एवढंच. तिसरा बदल कमी खपाच्या मालासाठी. त्याला अख्खं पॅलेट न देता अर्ध्या खोलीच्या फळ्या लावल्या, म्हणजे खोकं आत जाऊच शकत नाही.

चौथा बदल गाडीचा होता. त्याला वेळ लागला, कारण पैसे लागतात. नवी गाडी आली तिच्यात काट्यांना वेगळी उचल आहे. प्लॅटफॉर्म जागेवर ठेवून समोरचं पॅलेट खाली-वर करता येतं. पहिला थर रचताना पॅलेट कमरेला आणायचं आणि थर वाढले तसं खाली न्यायचं. जुन्या गाडीवर पहिला थर पायाशी रचायचो, शेवटचा छातीच्या वर. आता हात कायम एका उंचीवर चालतात. दुसरी सोय म्हणजे पॅलेट धरून ठेवणारा क्लॅम्प आणि दोन्ही बाजूंना उघडमिट होणारे कठडे. पॅलेट घट्ट धरलेलं आणि बाजूचे कठडे लागलेले असले की हार्नेसच्या दोरीत राहून आपल्याच पॅलेटवर दोन पावलं पुढं जाता येतं आणि लांबच्या टोकाला माल नीट रचता येतो. बाजूचा कठडा उघडा असेल तर गाडी हलत नाही, आणि दोन्ही हात कंट्रोलवर असल्याशिवाय वर-खाली होत नाही. म्हणजे गाडी चालू असताना हात किंवा डोकं बाहेर राहण्याचा प्रश्नच मिटतो.

सुपरवायझरांना काळजी होती की तासाचे पिक कमी होतील. पॅलेट फिरवायला माणूस लागतो, रात्रपाळीचं काम वाढतं, हे खरं आहे. पण ओढाताणीत जाणारा वेळ वाचला, फुटलेली खोकी कमी झाली, आणि पोरं शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत गळून जाईनाशी झाली. माझी कंबर पूर्ण बरी नाही, पण सकाळी उठून मोजे घालताना भिंतीचा आधार घ्यावा लागत नाही. चाळिशीतला जोडीदार म्हणाला, "आता अजून दहा वर्षं ओढीन." एका गोदामाला याहून मोठा फायदा कुठला असतो?

गेल्या दिवाळीला गावी आलो तेव्हा आमच्याकडच्या एका कृषी सेवा केंद्रात खताची गाडी उतरत होती. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, तेवढाच हलकेपणा. पण गोण्या थेट जमिनीवर रचलेल्या, मधे बोळ एवढा अरुंद की हमालाला आडवं होऊन शिरावं लागे. मागच्या थप्पीतली गोणी काढायची तर पुढच्या थप्पीवर पोट टेकून ओढायची. दृश्य तेच, फक्त रॅक नव्हता. मी दुकानदारांना म्हटलं, "काका, खाली गुडघाभर उंचीचे लाकडी ओटे टाका आणि दोनच्या जागी एकच रांग ठेवा." त्यांनी एका भिंतीला तसं करून बघितलं. हमाल मामा गोणी सरळ ओट्यावरून पाठीवर घ्यायला लागले. जागा थोडी कमी झाली, पण काकांनी दुसऱ्या भिंतीलाही ओटे टाकले.

म्हणून नवी गोदामं बांधणाऱ्यांना, गाड्या विकत घेणाऱ्यांना मला सांगायचं आहे. गाडी किती उंच जाते आणि किती अरुंद गल्लीत शिरते, हे विचाराच. पण त्याबरोबर प्लॅटफॉर्मवर उभं राहून, कठडा लावून, सगळ्यात आखूड हाताच्या माणसाला पॅलेटच्या मागच्या कडेला हात लावायला सांगा. हात पोहोचला नाही तर खरेदीच्या कागदावर सही करू नका. काट्यांची वेगळी उचल, क्लॅम्प, बाजूचे कठडे यांचे पैसे जास्तीचे म्हणून वगळू नका. आणि रॅकचा नकाशा पक्का करण्याआधी एकदा तरी पिकरवाल्याला खोलीत बोलवा.

आमच्या भागातून अजून पुष्कळ पोरं आणि आता पोरीही या कामावर जाणार आहेत. वडिलांच्या पिढीनं ओझ्याचं वजन कमी करून घेतलं. ओझ्याचं अंतर कमी करून घेणं हे आमच्या पिढीचं काम आहे, आणि ते आम्ही मागून घेणार आहोत.