बाबांची जीप आणि माझे गणित

पेडणे तालुक्यातील आमचे इब्रामपूर गाव महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी खेटून आहे. दोडामार्ग गाठले की पुढे तिलारीचा घाट, घाट चढला की चंदगड आणि मग बेळगाव. या वाटेवर बाबांची जीप वर्षानुवर्षे चालली. ती माझ्याहून वयाने मोठी, त्यामुळे घरात तिला मानही माझ्याहून अधिक!

जुने पेट्रोल इंजिन थकले तेव्हा बाबांनी तिला डिझेल इंजिन बसवून घेतले. ओढ वाढली, पण सपाट रस्त्यावर इंजिन नुसते कोकलायचे आणि मागून आलेली बस हॉर्न वाजवीत पुढे निघून जायची. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. भौतिकशास्त्राचे नवे वारे अंगात शिरले होते. मी बाबांना समजावू लागलो.

गणित सोपे होते. मागच्या आसाच्या मध्याजवळ जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते. आमच्या क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. म्हणजे शाफ्टचे सुमारे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. दुसऱ्या महायुद्धातील जीपला हेच प्रमाण ३९ ला ८, म्हणजे ४.८८ होते. युद्धानंतर जीप शेतकामाला जुंपली गेली, तेव्हा वेगापेक्षा ओढ हवी म्हणून ते वाढवले. मग डिझेलच्या गाडीला पुन्हा ४.८८ का नको? इंजिनाच्या ज्या फेऱ्यांत ती ताशी ४० किलोमीटर जाते, त्याच फेऱ्यांत ४४ जाईल!

म्हापशाचे मेस्त ऐकून हसले. "गाडी धावूक व्हयी काय चडूक व्हयी, ता आदी सांग रे झिला." वेग वाढला की ओढ घटणार, हे मला ठाऊक होते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चारही चाके ओढणारी गाडी. मागचे बदलले तर पुढचेही बदलले पाहिजे. दोन जोड्यांचा खर्च बाबांच्या आवाक्याबाहेरचा होता. मी ठासून म्हणालो, "पुढची चाके आपण लावतो कधी? नंतर बघू." बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन होते.

मेस्तांनी दोन दिवस काम केले. दात्यांना रंग लावून फिरवायचे. ठसा नीट मधोमध उमटला नाही, तर कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या वा काढायच्या. केसाएवढी चूक राहिली तरी गाडी रडत राहते. आमची रडली नाही. ती सुसाट धावू लागली. मी गावभर मिरवलो.

मग आषाढ आला. एका रात्री शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. वाडीच्या उतारावर चिखलात मागची चाके जागीच फिरू लागली. बाबांनी पुढची चाके लावली. चिखलात चाके घसरतात, म्हणून तेथे फरक खपून गेला. पण डांबरी रस्ता लागला आणि गाडी आखडली. मागची चाके पुढे रेटीत होती, पुढची त्यांना अडवीत होती. खालून कडाड आवाज येऊ लागला. दांडा काढू म्हटले तर निघेना. मागे वहिनी कण्हत होत्या. माझ्या हातापायांतले बळ गेले.

बाबांनी गाडी थांबवली, सावकाश चार हात मागे घेतली. ताण सुटला, दांडा निघाला. आम्ही वेळेवर म्हापशाला पोहोचलो. पहाटे मुलगी झाली.

परतताना मी बोलण्याची वाट पाहत होतो. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. दिवाळीत शिष्यवृत्तीचे पैसे आले, ते मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या मेस्तांकडे जाऊ."

माझे गणित चुकले नव्हते. मी फक्त अर्ध्या जीपचे गणित केले होते. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर एक अडाणी म्हणून मी हसण्यावारी नेलेला माणूस आधीच सांगून बसला होता. आज उत्तरपत्रिकेत एखादे पद 'नगण्य' म्हणून सोडताना माझी लेखणी अडखळते, आणि कानात तो कडाड आवाज येतो.