शंभराचा ताळा

डिझेलमध्ये संयुगे किती, हे मोजायला बसू नये. दहा कार्बनांचे डेकेन ७५ रचनांत सापडू शकते; वीस कार्बनांवर गेलात की त्याच हिशेबाने ३,६६,३१९. म्हणून तेलवाल्यांनी डोकी मोजायचे सोडून घराणी मोजायला घेतली: पॅराफिन, नॅफ्थीन, अरोमॅटिक आणि त्यांची पोटघराणी. आमचे सॉफ्टवेअर म्हणजे ही खानेसुमारी.

•

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा मारा होतो आणि रेणू फुटतात. फुटतात मात्र घराण्याच्या वळणाने. पॅराफिनचे तुकडे ४३, ५७, ७१, ८५ असे चौदा-चौदाच्या पायऱ्यांनी येतात (एक कार्बन, दोन हायड्रोजन). अल्किलबेंझिनांचे ९१, १०५, ११९. डी २४२५ या अमेरिकी प्रमाणपद्धतीत पॅराफिनसाठी ७१ आणि ८५ या शिखरांची बेरीज घेतात, एकवलयी नॅफ्थीनसाठी ६७ ते ९७ मधल्या आठ शिखरांची. एकूण अकरा घराणी. प्रत्येकाचे थोडेफार तुकडे दुसऱ्याच्या बेरजेत सांडतातच. ते सांडलेले ज्याचे त्याला परत करायचे, म्हणून समीकरणे.

•

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला क्रेमरची पद्धत असते. दोन चले, निश्चयक, उत्तर, मग ताळा. इथेही गणित त्याच जातीचे, चले तेवढी जास्त. फरक ताळ्याचा. तो पुढे.

•

१९४० च्या दशकात ही समीकरणे माणसे हाताने, टेबलावरच्या गणनयंत्रांवर सोडवत. पॅसाडिनाची कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंग कंपनी तेल कंपन्यांना मास स्पेक्ट्रोमीटर विकत होती, आणि यंत्र भराभर आकडे देई पण हिशेब मागे पडे. तिथल्या क्लिफर्ड बेरीने सहकाऱ्यांबरोबर बारा समीकरणे सोडवणारे विद्युत यंत्र बांधले. त्यावरचा लेख १९४६ चा. खुंट्या फिरवत उत्तर स्थिर होईपर्यंत जवळ जवळ जायचे. हा बेरी म्हणजे आयोवात प्राध्यापक अ‍ॅटानासॉफबरोबर एकोणतीस समीकरणांसाठी संगणक बांधायला निघालेला तोच पोरगा. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिअ‍ॅक या संगणकाचे पेटंट रद्द करताना त्या जुन्या यंत्राला मान दिला. बेरी १९६३ मध्येच गेला होता.

माझ्या मते आमच्या धंद्याचा खरा मूळपुरुष हाच. त्याचे नाव मात्र संगणकाच्या इतिहासात भेटते, तेलाच्या नाही.

•

नोनेनचा रेणुभार १२८, नॅफ्थॅलीनचाही १२८. साध्या यंत्राला दोन्ही एकच. बारीक पाहिले तर १२८.१५७ आणि १२८.०६३, हजार-दीड हजार विभेदनक्षमतेत वेगळे होतात. गंधक असले की पंचाईत: तीन कार्बन विरुद्ध एक गंधक अधिक चार हायड्रोजन, फरक ०.००३४. तिथे फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या प्रयोगशाळेतल्यासारखे मोठे चुंबक लागते.

•

आता ताळा. गेल्या पावसाळ्यात एका नमुन्यात त्रिवलयी नॅफ्थीन उणे १.३ टक्के आले. उणे तेल! शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, नवीन आवृत्तीत असं येत नाही." येत नाही, कारण नवीन आवृत्ती उणे दिसले की शून्य करते आणि उरलेल्यांची बेरीज जुळवून शंभर करते. अहवाल देखणा होतो. पण बेरीज शंभर आली हा ताळा नव्हे. ती शंभर येणार, हे आधीच ठरवलेले आहे. उणे १.३ हीच त्या कागदावरची एकमेव प्रामाणिक ओळ होती.

शोध घेतला तर नमुना क्रॅकरचा, म्हणजे जड तेल फोडून काढलेला, निघाला. त्यात ओलेफिन. एका दुहेरी बंधाचे ओलेफिन आणि एकवलयी नॅफ्थीन, दोघांचे सूत्र एकच. डी २४२५ चे गुणांक मुळात सरळ ऊर्ध्वपातनाच्या, २०४ ते ३४३ अंश सेल्सिअसच्या तेलासाठी काढलेले. सॉफ्टवेअर मात्र कुणालाच दारातून परत पाठवत नाही.

•

बायोडिझेलचेही तसेच. त्यातल्या मिथाइल ओलिएटचे तुकडे ६९, ८३, ९७ वर पडतात, म्हणजे थेट नॅफ्थीनच्या खात्यात. ७४ चे शिखर तेवढी चहाडी करते. पण ७४ कुठल्याच बेरजेत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिकडे बघतही नाही. आपण बघावे.

•

नमुने पाठवणाऱ्यांना एकच विनंती. बाटलीवरच्या चिठ्ठीत तारखेखाली एवढे लिहा: तेल सरळ ऊर्ध्वपातनाचे आहे की क्रॅकरचे, आणि त्यात काही मिसळले आहे का.