सपाटी आणि चकाकी

मराठी समीक्षेत 'निकष' आणि 'कसोटी' हे दोन शब्द इतके वापरले गेले आहेत की त्यांच्यातला दगड आता कोणाला जाणवत नाही. दोहोंच्या मुळाशी 'कष्' म्हणजे घासणे हा धातू आहे. निकष म्हणजे सोनाराकडचा तो काळा दगड, ज्यावर सोने घासून उमटलेली रेघ पाहतात. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या उत्तरात पुन्हा 'वास्तववादाचे निकष' लिहून मोकळे होतात. गेल्या उन्हाळ्यात या धातूशी माझा आठवडाभर प्रत्यक्ष हातांनी संबंध आला. निमित्त होते एका जुन्या संगणकाचे.

हा संगणक अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पेंटियम 4 च्या काळातला. निवृत्तीनंतरच्या वर्षांत त्यांनी मराठवाड्यातल्या सुतार, लोहार, पाथरवट, कोष्टी यांच्या तोंडचे शब्द जमवले आणि ते युनिकोड रुळण्यापूर्वीच्या एका लेखनप्रणालीत टंकित केले. त्या फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो. रूपांतराची साधने आहेत. परंतु बोलीतले उच्चार दाखवण्यासाठी अण्णांनी ज्या खास खुणा योजल्या होत्या, त्या रूपांतरात गळून पडतात. म्हणून प्रत्येक पान जुन्या पडद्यावरच्या पानाशी ताडून पाहावे लागते. अण्णा आता नाहीत, तेव्हा खुणांचा अर्थ विचारायचा तरी कोणाला? त्यामुळे ते यंत्र तासन् तास चालणे भाग होते, आणि मे महिन्यात आमच्या या शहरात पारा चाळीसच्या वर गेला की ते वीस मिनिटांत स्वतःहून बंद पडत होते.

प्रोसेसरवर धातूचा एक पंखदार ठोकळा बसवलेला असतो. त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता त्याने उचलायची आणि हवेत सोडायची. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म डोंगरदऱ्या असतात आणि दऱ्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात हवा तांब्याच्या सुमारे पंधरा हजारपट कमी पडते. म्हणून मध्ये एक लेप लावतात. तो हवेपेक्षा कितीतरी बरा, पण धातूपुढे अगदीच दुबळा. लेप जितका पातळ ठेवता येईल तितके चांगले. त्यासाठी ठोकळ्याचा तळ घासून सपाट करणे याला लॅपिंग म्हणतात. 2000 नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींमध्ये याचे मोठे वेड होते. हेही सांगितले पाहिजे की यातून मिळतात ते दोन-चार अंश. धूळ काढणे आणि वाळलेला लेप बदलणे यांनीच बहुतेक काम होते. ते मी आधी केले; यंत्र वीस मिनिटांऐवजी तासभर चालू लागले. मग ब्लेडची धार तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले, तर मधोमध उजेडाची बारीक फट दिसली. तळ खोलगट होता.

मोंढा नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला. दुकानदाराने विचारले, "कितीचा?" सगळा विषय या एका प्रश्नात आहे. हा आकडा मुळात चाळणीचा: एका इंचात किती भोके, त्यावरून दाण्याचा क्रमांक. म्हणून आकडा चढतो तसा दाणा बारीक होतो. फार बारीक दाणे चाळणीने वेगळे होत नाहीत. ते पाण्यात कोणता किती वेगाने तळाशी बसतो यावरून निवडतात. सोबत आमच्या गल्लीतले काका होते. चिकलठाण्याच्या एका टूलरूममध्ये त्यांची फिटर म्हणून तीस वर्षे गेली. ते म्हणाले, "सर, मागं पी छापलाय का बघा आधी." युरोपीय पद्धतीत आकड्यापूर्वी पी असतो. पी 600 चा दाणा सरासरी 26 मायक्रॉनचा, तर अमेरिकी पद्धतीच्या नुसत्या 600 चा 16 च्या आसपास. आकडा तोच, दाणा वेगळा. परिभाषेवरून भांडणाऱ्या समीक्षकांच्या पिढ्या मला त्या गल्ल्यापाशी आठवल्या.

कागदाचेही दोन प्रकार. तपकिरी कागदावर सहसा ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असते, म्हणजे आपला कुरुंदच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्या दक्षिणेतल्या भाषांमधूनच तिकडे गेला. पाण्यात चालणाऱ्या काळ्या कागदावर सिलिकॉन कार्बाइड. त्याला 'कार्बोरंडम' हे नाव अचेसन या अमेरिकी संशोधकाने 1890 च्या दशकात दिले. आपण केलेला पदार्थ कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग आहे असा त्याचा समज होता. समज खोटा ठरला, नाव टिकले. असो. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याचा कीस कागदात भरून बसतो आणि तो पाण्याने धुऊन काढावा लागतो. म्हणून मी काळा कागद घेतला. 400, 600, 1000 आणि 1500, सगळे पीवाले.

घासण्यासाठी आधार सपाट हवा. काकांनी जाड काचेचा तुकडा आणून दिला. वितळलेल्या कथिलावर तरंगत थिजलेली काच स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये बहुधा सर्वांत सपाट असते. कागद ओला करून काचेवर चिकटवायचा, साबणाचा एक थेंब टाकायचा, तळावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनाने घासायचे. जिथली रेघ पुसली जात नाही तिथे खड्डा आहे. जोर दिला की कडा गोल होतात. थोड्या थोड्या वेळाने ठोकळा पाव फेरा फिरवायचा. खोलगटपणा जातो तो 400 वरच, आणि बहुतेक वेळ तिथेच लागतो. पुढचा प्रत्येक क्रमांक काही सपाट करत नाही. तो मागच्या क्रमांकाचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे, अधिक बारीक, ठेवतो. म्हणून क्रमांक बदलताना घासण्याची दिशा काटकोनात बदलायची. जुन्या दिशेची एकही रेघ उरली नाही की पुढे जायचे. मध्ये सगळे स्वच्छ धुवायचे. मागचा एक दाणा राहिला तरी तो तळावर आपली रेघ ओढतो.

मला 2000 आणि 2500 चेही कागद आणावेसे वाटत होते. तळात चेहरा दिसावा अशी इच्छा होती. काका म्हणाले, "चमक नका बघू सर, सपाटी बघा. आरशासारखा पण वाकडा तुकडा आमच्याकडे सायेब परत पाठवायचे." मग त्यांनी तीन प्लेटांची गोष्ट सांगितली. दोन प्लेटा एकमेकींवर निळा रंग लावून जुळवल्या तर त्या पूर्ण जुळतात, तरी एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. तिसरी आणून तिघी आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या तरच तिन्ही सपाट होतात. जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली ग्लासगोच्या सभेत वाचलेला निबंध याच पद्धतीवर होता. तो स्वतः मात्र कुरुंदाने घासण्याच्या विरुद्ध होता. उंचवटा तेवढाच खरवडावा, असे त्याचे म्हणणे. दोन समीक्षकांचे एकमत झाले की आपण निश्चिंत होतो, त्या सवयीविषयी मी तेव्हापासून जरा साशंक आहे.

1500 वर मी थांबलो. तळ करडा, धूसर राहिला. प्रोसेसरवरचे झाकण घासले नाही. त्यावर निकेलचा मुलामा असतो आणि ब्लेडखाली ते पुरेसे सपाट दिसत होते.

काम करता करता अण्णांच्या पाथरवटांच्या नोंदी ताडून पाहत होतो. त्यात 'टाकी लावणे' आहे. जाते वापरून गुळगुळीत झाले की दळत नाही. मग टाकीवाला येऊन त्याला पुन्हा खरबरीत करतो. अजिंठ्याच्या कारागिरांनीही चित्रांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच ठेवले, कारण मातीचा गिलावा गुळगुळीत खडकाला धरत नाही. पृष्ठभाग कोणत्या कामासाठी आहे ते ठरल्याशिवाय कागदाचा क्रमांक ठरत नाही, आणि हाच प्रश्न मला अण्णांच्या शब्दसंग्रहापुढे पडला होता. एका जाणकार स्नेह्यांनी तो वाचून सुचवले की नोंदी प्रमाण मराठीत आणाव्यात, वाक्ये सारखी करावीत, म्हणजे पुस्तक देखणे होईल. सल्ला चांगल्या भावनेचा होता. परंतु अण्णा लोहाराचे वाक्य लोहाराच्या तोंडचे लिहीत. 'पालीस' लिहीत, 'पॉलिश' नव्हे. त्या नोंदींना बोलणारा माणूस धरून आहे तो त्याच खरबरीतपणाने. टंकनाचे दोष, दोनदा आलेल्या नोंदी, चुकलेला वर्णक्रम एवढे काढायचे, हे मी ठरवले. त्यापुढचा कागद वापरायचा नाही.

संगणक आता दुपारीही तीन-साडेतीन तास चालतो. 'प' पर्यंतची पाने ताडून झाली आहेत. 'फ' मध्ये एका खुणेचा अर्थ लागत नाही; ती अण्णांनी फक्त पैठणच्या कोष्ट्यांच्या शब्दांवर केली आहे. दिवाळीनंतर तिकडे जाऊन ते शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकून यावे लागतील.