मधली माणसे

वाळूजच्या एका कारखान्यात उपव्यवस्थापक असलेला माझा एक जुना विद्यार्थी परवा संध्याकाळी घरी आला. वरच्यांचे ऐकावे नि तेच खालच्यांना ऐकवावे, असा त्याचा मधला हुद्दा. त्याच्या मालकांचे धंदे मात्र चार. यंत्रांच्या सुट्या भागांपासून थेट औषधांपर्यंत!

"सर, औषधांच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी मागितले आहे; पण आमचे साहेब सोडीत नाहीत," तो म्हणाला.

मी लगेच व्याख्यान सुरू केले. प्राध्यापकाला दुसरे येते काय? जे. आर. डी. टाटांनी 1956 साली सनदी नोकरीच्या धर्तीवर 'टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस' काढली. निवडलेल्या तरुणांनी समूहातल्या निरनिराळ्या कंपन्यांत काम करावे, असा तिचा बेत. 1966 साली पुण्यात समूहाचे शिक्षणकेंद्रही निघाले. पुढे 1970 साली सरकारने मॅनेजिंग एजन्सीची पद्धत बंद केली आणि अनेक कंपन्यांचा कारभार एका हाती ठेवणारा कायदेशीर दोर तुटला. उरले भागभांडवल, नाव आणि माणसांच्या ओळखी. पोलादाच्या कारखान्यात वर्षभर धूळ खाल्लेला माणूस पुढे हॉटेलच्या कचेरीत बसला, तरी तिकडून निरोप आल्यावर "कोण हे?" असे विचारीत नाही. वरिष्ठांच्या शंभर परिपत्रकांनी हे साधत नाही, असे मला वाटते.

"खरे आहे, सर. पण चांगला माणूस सोडणाऱ्या साहेबाच्या पदरात काय पडते? वर्षअखेरचा हिशेब त्याच्या एकट्याच्या कारखान्याचा!"

मी गप्प झालो. दहा वर्षांपूर्वी मी इंग्रजी विभागाचा प्रमुख होतो. भाषांतराचा जोडवर्ग काढण्यासाठी मराठी विभागाने आमचा एक तरुण अध्यापक आठवड्यातून दोन दुपारी मागितला होता. 'मनुष्यबळ अपुरे आहे' असा शेरा मारून मी कागद परत धाडला. शेरा खोटा नव्हता; पण तो लिहिताना मला जे समाधान झाले, ते अपुऱ्या मनुष्यबळाचे खास नव्हते! वर्ग निघालाच नाही. मराठीच्या प्रमुख बाई रोज आमच्याकडे चहाला येत. त्यांचे येणे हळूहळू थांबले.

हे सारे मी त्याला सांगून टाकले आणि म्हटले, "साहेबांनाच विचार, तुझ्या बदल्यात तिकडचा कोणता माणूस त्यांना हवा. आणि तू तिकडे केलेले काम त्यांच्याही खाती मांडा म्हणावे."

तो जरा घुटमळला.

"सर, तुम्ही तेव्हा बदली माणूस मागितला होता?"

"नाही," मी म्हणालो.